सतरा नंबरची हजेरी

गुलाबराव पाटील स्वतःच्या पायांनी बौद्धपुऱ्यात आले, तेव्हाच तानाबाईच्या मनात पाल चुकचुकली.

एरवी पाटलांना काही सांगायचं असलं की त्यांचा सालदार गडी यायचा. लांबूनच हाक मारायचा आणि ज्याचं काम असेल तो उठून वाड्याकडे निघायचा. १९६३ सालच्या जूनमधल्या त्या सकाळी मात्र पाटील स्वतः आले, आणि त्यांच्यासोबत शाळेचे भगवंतराव गुरुजी. दोघंही दारासमोरच्या लिंबाखाली उभे राहिले. कडूबा तायडे घाईघाईने बाहेर आला. तानाबाई उंबऱ्यातच थांबली.

"कडूबा, तुही पोरगी कुठलोक शिकली?" पाटलांनी विचारलं.

"सहावी पास झाली जी. नांदुऱ्याले मामाजवळ होती. मामाची रेल्वेत बदली झाली भुसावळले, मंग आणली घरी."

"घरी ठेवून काय करतं तिले? सावरटेकात औंदा सातवीचा वर्ग निघाला. धाड तिले शाळेत."

कडूबाने हात जोडले. तानाबाई मात्र उंबऱ्यातूनच म्हणाली, "पाटील, कोकिळा माह्यासंगं निंदाले येते. तुमच्याच वावरात एक बाई कमी पडन."

"पडू दे ना. पुस्तकं मी देतो, वह्या बी देतो."

गुरुजी लिंबाच्या बुंध्याकडे बघत होते.

दोघं गेल्यावर कडूबा खुशीत घरात आला. नांदुऱ्याच्या कापसाच्या जिनात सरकीची पोती वाहून वाहून त्याचे खांदे वाकले होते, आणि आपलं लेकरू तरी खुर्चीवर बसावं असं त्याला फार वाटायचं. तानाबाईचं तोंड बघून तो चिडला.

"दीक्षा घेऊन सात वर्सं झाली, आन् तू अजून पोरीले निंदाले नेतं?"

"पोरगी शिकू नये असं म्हनून राह्यली का मी? पाटलाले काऊन पाह्यजे, थे इचारून राह्यली."

तिच्या विचारण्याला कारण होतं. दोनच वर्षांपूर्वी पाटील चावडीवर भरसभेत बोलले होते की सगळेच शिकले तर वावरात कोण जाईन? तानाबाई तेव्हा मागे उभी होती. ते वाक्य तिने जसंच्या तसं लक्षात ठेवलं होतं. असा माणूस एका उन्हाळ्यात बदलतो, हे तिला पटत नव्हतं.

तरी कोकिळा शाळेत गेली. तेरा वर्षांची, उंच, काटक पोरगी. निघताना तानाबाईने पत्र्याच्या पेटीतून नांदुऱ्याच्या शाळेचा दाखला काढून तिच्या हातात दिला. संध्याकाळी कोकिळा तो तसाच परत घेऊन आली.

"गुरुजी म्हने, घरीच ठेव. लागला तं मागीन."

"दाखल्याबिगर नाव कसं घातलं तुहं?"

"घातलं असन ना माय. मले नंबर देल्ला. सतरा."

तानाबाईला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण नांदुऱ्याला कोकिळाचं नाव घालताना काय झालं ते तिने पाहिलं होतं. गावच्या शाळेचा दाखला नाही म्हणून तानाबाईच्या भावाला दोनदा परत पाठवलं होतं. त्या कागदाशिवाय कोणी पोरीला दाराच्या आत घेत नव्हतं. आणि इथे कागद समोर धरला तरी कोणी हात लावत नाही! तिने दाखला पुन्हा पेटीत, लुगड्याच्या घडीत ठेवला आणि पेटीला कुलूप लावलं.

सातवीचा वर्ग पाटलांच्या जुन्या कापसाच्या वखारीत भरायचा. तेवीस मुलगे आणि एकटी कोकिळा. मुलगे सतरंजीवर बसायचे, कोकिळा दाराजवळ, स्वतःच्या पोत्यावर. पाणी प्यायचं तर ओंजळ धरायची आणि वरून कोणी ओतेल त्याची वाट बघायची. हे तिने घरी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर माय दुसऱ्याच दिवशी वखारीच्या दारात उभी राहिली असती.

कारण शाळा कोकिळाला आवडत होती. काळ-काम-वेगाची गणितं तिला पाटीवर घेण्याआधीच सुटायची. भगवंतराव गुरुजी खामगावकडचे, शुद्ध बोलणारे, बारीक अंगाचे. ते शिकवायचे मन लावून. तिची वही तपासताना चूक सापडली की तीच गोष्ट तीन तऱ्हांनी समजावून सांगायचे. पण सांगताना तिच्याकडे बघायचे नाहीत.

पुस्तकं कोरी करकरीत मिळाली होती. पहिल्याच पानावर ती नाव लिहायला बसली, तर गुरुजी म्हणाले, "नाव टाकू नकोस. पुस्तकं परत द्यायची आहेत." तिमाही परीक्षेला सगळ्यांनी पेपरवर फक्त नंबर लिहिला. सहामाहीत तिला सगळ्यांत जास्त मार्क पडले, तेव्हा गुरुजींनी निकाल वाचला, "पहिला, नंबर सतरा." पोरांनी माना वळवून दाराकडे पाहिलं. गुरुजींनी पुढचा नंबर वाचायला घेतला.

तानाबाई सावध होती, पण तिच्या हाती काही लागत नव्हतं. पाटील मतं मागणार असतील, असं तिला आधी वाटलं. पण निवडणूक नव्हती. मग वाटलं, पोरीला शिकवलं म्हणून उद्या तिला वाड्यावर फुकट राबवून घेतील. पण वाड्यावरून कधी निरोप आला नाही. एवढा मोठा माणूस काही देतो आणि काहीच मागत नाही, ह्याचीच तिला जास्त भीती वाटायची.

जानेवारीत कापसाची शेवटची वेचणी चालू होती. शेजारच्या ओळीत गोजरबाई होती. गावभरच्या बातम्या तिच्या ओटीत कापसासोबत जमा व्हायच्या.

"पाटलाच्या अन्नपूर्णीचं मलकापूरले जमून राह्यलं," ती म्हणाली. "पोरगा मास्तर हाये. त्याइले सातवी पास पोरगी पाह्यजे. म्हंजे तिले बी मास्तरीण करता येते म्हन्तात."

तानाबाईचा हात बोंडावरच थांबला. "अन्नपूर्णी तं सहावीतूनच घरी बसली. मोठी झाली म्हनून काढली ना तिले?"

"हाव. पण पाटील म्हन्ते, पोरगी सातवीत हाये, उन्हाळ्यात पास होते."

"कोन्या शाळेत?"

"थे मले काय माहीत बाई!"

त्या संध्याकाळी दिवेलागणीला तानाबाईने कोकिळाला चुलीपुढे बसवलं.

"गुरुजी तुले कसे हाका मारतात?"

"सतरा म्हन्तात."

"आन् नावानं?"

कोकिळा आठवू लागली. चुलीतलं लाकूड पुढे सरकवलं, पुन्हा मागे ओढलं.

"एकडाव बी नाई?"

"नाई."

"उद्या हजेरीचं बुक पाह्यजो."

"त्याले हात लावू देत नाईत, माय."

"हात कायले लावतं? वाचता येते ना तुले? दुरून वाच."

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुटीआधी कोणाचा तरी बाप गुरुजींना बोलवायला आला, आणि गुरुजी वखारीबाहेर गेले. हजेरीपट टेबलावर उघडाच होता. कोकिळा उठली. पोरं बघत होती, तरी ती सरळ टेबलाशी गेली आणि सतराव्या ओळीवर बोट न ठेवता तिने नजर ठेवली.

अन्नपूर्णा गुलाबराव पाटील.

तिने वरून खालपर्यंत चोवीस नावं वाचली. कोकिळा नाव त्यात कुठेच नव्हतं. मग तिने मागची पानं उलटली. आश्विनात तिला हिवताप आला होता, तीन दिवस ती घरी घोंगडी पांघरून पडली होती. ते तीन दिवस अन्नपूर्णापुढे लाल शाईने गैरहजर मांडलेले होते.

ती पोतं तिथेच टाकून घरी आली. तानाबाई ज्वारी पाखडत होती. कोकिळाने सगळं सांगितलं, एकदाही रडली नाही, आणि सांगून झाल्यावर म्हणाली, "माय, मी सात महिने गेलीच नाई शाळेत."

कडूबाला आधी हे खरं वाटेना. मग खरं वाटलं आणि त्याने दार लोटून घेतलं. "आता बोलू नको कोनाले," तो म्हणाला. "सारा बौद्धपुरा त्याच्या वावरावर जगते. आपल्यापाई सगळ्याइच्या चुली इझतील."

तानाबाईने पेटी उघडली, दाखला काढला आणि भरदुपारी गुरुजींच्या खोलीवर गेली. कोकिळा तिच्या मागे.

भगवंतराव जेवून उठत होते. दोघींना बघून त्यांना काय झालं ते कळलं असावं.

"माही पोरगी कोनाच्या नावानं शिकून राह्यली गुरुजी?"

"बाई, आत या."

"इथंच बरी हाये मी."

गुरुजी ओट्यावर आले. रस्त्याकडे एकदा बघून हलक्या आवाजात म्हणाले, "पाटील संस्थेचे अध्यक्ष आहेत. माझी नोकरी कायम नाही. ते म्हणाले, माझ्या मुलीला पास झाल्याचा कागद हवा आहे, आणि ती वर्गात बसू शकत नाही. वर्गात बसणारी, हुशार मुलगी मिळाली तर हजेरीही लागेल आणि परीक्षेला तीच बसेल. मी मान हलवली. मला वाटलं, निदान कोकिळाचं शिकणं तरी होईल."

"तिले कधी सांगनार होते तुमी?"

"परीक्षेच्या आदल्या दिवशी. पाटील सांगणार होते."

तानाबाईचा आवाज चढला नाही. "आता काय करा लागते?"

"बाहेरून परीक्षेला बसता येतं. शाळेत न जाता. त्याचे अर्ज शनिवारपर्यंत घेतात, मलकापूरच्या ऑफिसात. सहावी पास झाल्याचा दाखला लागतो. आहे तुमच्याकडे?" त्यांनी हात पुढे केला.

तानाबाईने कागद चटकन मागे घेतला. "तथूनच वाचा."

तिने दाखला दोन्ही हातांनी उंच धरला आणि गुरुजींनी चार हातांवरून तो वाचला. "हा पुरेसा आहे," ते म्हणाले.

"आज काऊन सांगून राह्यले हे?"

"तुम्ही आज विचारलंत."

"आन् इचारलं नसतं तं?"

गुरुजींनी ओट्याच्या कडेला पडलेला खडा उचलला आणि खाली टाकला. तानाबाई पोरीला घेऊन निघाली.

वाटेत तिच्या डोक्यात एकच घोळत होतं. हा माणूस आज तरी खरं बोलला का? की दाखला गावाबाहेर काढून मलकापुरात कोणाच्या तरी हाती पडावा, असा हाही पाटलाचाच डाव? कडूबा म्हणाला, जाऊ नको. ती म्हणाली, "डाव असन तं तथी जाऊन पाहू."

शुक्रवारी दोघी जळगाव जामोदकडून येणाऱ्या बसने नांदुऱ्याला उतरल्या आणि तिथून गाडीने मलकापूरला गेल्या. ऑफिसातला कारकून जाड भिंगाच्या चष्म्याचा, वयस्कर होता. त्याने दाखला उजेडात धरून दोन्ही बाजूंनी बघितला.

"सहावी गेल्या वर्षी एप्रिलात पास झाली. मग जूनपासून कुठे होती ही?"

कोकिळाने तोंड उघडलं. शाळेत होते, असं ती सांगणार होती. ते खरं होतं. काळ-काम-वेगाची गणितं, सहामाहीचा पहिला नंबर, हिवतापाचे तीन दिवस, सगळं खरं होतं. पण तानाबाईने तिच्या मनगटावर हात ठेवला.

"घरी होती साहेब. निंदाले जाये."

कोकिळाने मायकडे पाहिलं. शाळेत होती म्हटलं असतं तर कोणत्या शाळेत, कोणत्या नंबरावर, हे निघालं असतं. चौकशी लागली असती आणि शनिवार उलटून गेला असता. हे तिला कळत होतं. तरीही ते सात महिने मायच्याच तोंडून पुसले गेलेले ऐकून तिने आपलं मनगट सोडवून घेतलं.

"वावरात निंदून सातवीची परीक्षा देणार?" कारकून हसला नाही, पण त्याने दाखला बाजूला ठेवला. टेबलावरचं एक सरकारी परिपत्रक उचलून तिच्यापुढे सरकवलं. "वाच बरं हे."

कोकिळाने वाचलं. लांबलचक वाक्यं होती, तिने कुठे श्वास घ्यायचा ते बघून बघून वाचली. दुसऱ्या परिच्छेदात कारकुनाने हात वर केला.

"पुरे." त्याने खणातून फॉर्म काढला. "नाव तूच लिही. पूर्ण."

तिने लिहिलं. अक्षर थोडं वाकडं आलं, कारण टाक नवीन होता.

पोरगी शाळेत येईनाशी झाल्यावर आठवड्याभरात पाटील पुन्हा बौद्धपुऱ्यात आले. ह्या वेळी एकटेच. लिंबाखाली न थांबता दारापर्यंत आले.

"तानाबाई, मी तुह्या पोरीचं वाईट केलं का? पुस्तकं कोनं देल्ली? निंदाचं काम कोनं सोडलं? मी नसतो आलो तं पोरगी खुरपं घेऊनच राह्यली असती."

"खरं हाये पाटील."

"मंग? शिकली थे तिच्या डोक्यात राह्यलं. थे काही मी काढून घेत नाई. कागदावर नाव कोनाचं का असेना! तुह्या पोरीले कागद घेऊन कोठी जाचं हाये?"

तानाबाई म्हणाली, "मंग असं करा. डोक्यातलं तुमच्या पोरीले घेऊन जा, आन् कागद आमाले राहू द्या."

पाटलांचा चेहरा लाल झाला. त्यांनी कडूबाकडे पाहिलं. कडूबा कोपऱ्यात बसला होता. तो उठला आणि तानाबाईच्या शेजारी येऊन उभा राहिला. "पाटील, तिचं नाव कोकिळा हाये. तिच्याच नावानं बसन थे परीक्षेले."

"मंग माह्या वावरात पाय ठेवू नका," असं म्हणून पाटील गेले.

त्यांनी शब्द पाळला. तानाबाईला आणि तिच्याशी बोलणाऱ्या दोन घरांना त्या हंगामात काम मिळालं नाही. बौद्धपुऱ्यातल्या काही जणांनी तिला तोंडावर सांगितलं की एका पोरीच्या कागदासाठी तू सगळ्यांना उन्हात बसवलं. ती ऐकून घ्यायची.

मार्च अखेरीस परीक्षा नांदुऱ्याला झाली. पहिल्या पेपराच्या दिवशी तानाबाई आणि कोकिळा लवकर पोहोचल्या. थोड्या वेळाने पाटलांची दमणी, छपराची बैलगाडी, आली आणि तीतून अन्नपूर्णा उतरली. पंधरा वर्षांची, गोरी, डोक्यावरून पदर घेतलेली. बदली पोरगी मिळाली नव्हती, आणि मलकापूरवाल्यांना तारीख कळवलेली होती. पाटील आवारातल्या कोणाशी तरी बोलत उभे राहिले, तेव्हा अन्नपूर्णा चालत कोकिळापाशी आली.

"तू कोकिळा ना?"

कोकिळाने मान हलवली.

"मले माहीत नोतं. मले इतकंच सांगतलं होतं का कागद येईन." ती पदराचं टोक पिळत होती. "मी बाबाले म्हनलं होतं, मलेच शाळेत जाऊ द्या. म्हने, एवढ्या पोट्ट्याइत पाटलाची पोरगी बसत नसते. तुले जाऊ देलं. मले नाई जाऊ देलं."

कोकिळा तिच्याकडे बघत राहिली. वाड्यातल्या कोणाला आपला हेवा वाटला असेल, हे तिच्या कधी स्वप्नातही आलं नव्हतं.

"पह्यले काय लिवाचं असते?" अन्नपूर्णाने विचारलं. "मले काईच येत नाई."

कोकिळाला क्षणभर मायसारखीच शंका आली. बापानेच पाठवलं असेल का हिला? मला बोलण्यात गुंतवून आत काही भानगड करायची असेल का? तिने पाटलांकडे पाहिलं. ते पाठमोरे होते. मग तिने अन्नपूर्णाचे हात पाहिले. ते अजून पदराचं टोक पिळत होते.

"निबंध पह्यले लिवजो," ती म्हणाली. "येईन तेवढा. आन् प्रश्न सोडू नको. काहीतरी लिवजो."

तेवढ्यात तानाबाई आली आणि तिने कोकिळाला दंडाला धरून बाजूला नेलं. "काय इचारत होती?"

"काई नाई, माय."

घंटा झाली.

निकाल लागला. कोकिळा चांगल्या मार्कांनी पास झाली. अन्नपूर्णा नापास झाली, आणि मलकापूरच्या मास्तरचं लग्न त्याच वैशाखात खामगावच्या एका सातवी पास मुलीशी झालं. सावरटेकात काम उरलं नव्हतं, म्हणून तायड्यांनी घर नांदुऱ्याला हलवलं. तानाबाई तेलाच्या घाण्यावर भुईमुगाच्या शेंगा निवडायला जाऊ लागली.

निघायच्या आदल्या दिवशी भगवंतराव गुरुजी दारात आले. त्यांनी आठवीचं व्याकरणाचं एक जुनं पुस्तक कोकिळापुढे धरलं. तानाबाईने ते आधी स्वतः घेतलं, पानं चाळून काही चिठ्ठी वगैरे आहे का ते पाहिलं आणि मग पोरीला दिलं. गुरुजी आल्या वाटेने गेले. त्यांनी आपल्याला मन लावून शिकवलं ते कोणासाठी, हे कोकिळाला पुढे कितीतरी वर्षं ठरवता आलं नाही. पाटलाच्या कागदावर मार्क चांगले यावेत म्हणून, की खरोखर आपल्यासाठी? कधी तिला एक वाटायचं, कधी दुसरं.

नांदुऱ्याच्या हायस्कुलात आठवीत नाव घालताना तानाबाई सोबत गेली आणि रजिस्टर दाखवल्याशिवाय हलली नाही. कोकिळाने नाव वाचून दाखवलं. तेवढ्याने तिचं समाधान झालं नाही. तिने शिपायाला बोलावून त्याच्याकडूनही वाचून घेतलं.

पावसाळ्यानंतरच्या एका बाजाराच्या दिवशी गोजरबाई भेटली. सावरटेकाच्या बातम्या सांगता सांगता म्हणाली, "पाटलाची अन्नपूर्णी शाळेत जाते आता. रोज. पोट्ट्याइतच बसते. लोक हासतात, तरी जाते."

"काऊन बरं?" तानाबाई लगेच म्हणाली. "बापानं आता काऊन धाडली? काहीतरी असन."

"बापानं धाडली नाई म्हन्तात. थेच अडून बसली. दोन दिवस जेवली नाई."

तानाबाईने मान हलवली. तिला ते पटलं नव्हतं. कोकिळा पिशवी उचलून चालू लागली. थोडं पुढे गेल्यावर ती थांबली आणि मागे वळून म्हणाली, "गोजरमावशी, तिले सांगजो, गणितात काई अडलं तं बाजाराच्या दिवशी ये म्हना."

तानाबाई एकदम तिच्याकडे बघायला लागली. पण ह्या वेळी तिने काही विचारलं नाही.